दोन माणसांचं हँडल

"मान वर कर."

"केलीये."

"अजून वर. गळ्याचं बटण आहे, गुडघ्याचं नव्हे. आणि मी काय विचारलं मघाशी?"

"ऐकलं."

"ऐकलं हे उत्तर झालं का? हँडल बसवणारेस की नाही?"

"बघू संध्याकाळी."

"तुझ्या या बघू-संध्याकाळी साठवून ठेवल्या असत्या ना, तर एव्हाना कणगी भरली असती."

"पेतांग, लोक खोळंबलेत खाली."

"खोळंबू देत. त्यांची बटणं त्यांनी लावलीत."

पुलोंग हात लोंबते सोडून, लहान मुलासारखा हनुवटी वर करून उभा होता आणि त्याची बायको त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती. सकाळी उठल्यावर त्याची बोटं परक्याची असत. मनगटापासून पुढे मुंग्या, आणि मुंग्या गेल्या की नुसता बधिरपणा. भाजलेल्या मक्याच्या कॉफीचा मग दोन्ही तळव्यांत धरून तो बराच वेळ बसे, तेव्हा कुठे ती बोटं एकेक करून कामावर हजर होत. ती हजर व्हायच्या आधीच त्याच्या मोटारसायकलवरून बाजाराला जाणारी गिऱ्हाइकं हजर होत. म्हणून बटणं पेतांगकडे आली होती. कधी आली ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

भिंतीवर, येशूबाळाच्या तसबिरीशेजारच्या खिळ्याला, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नवं हँडल टांगलेलं होतं. गावच्या संताच्या सणाला लोर्जिन ते घेऊन आली होती. लोर्जिन ही त्यांची मुलगी. शहरात मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करायची. हँडल होतं उंच, मागे वळलेलं, दोन्ही टोकं बैलाच्या शिंगांसारखी बसणाऱ्याकडे आलेली. "हे तुमच्याकडे येतं, ताय," ती बापाला म्हणाली होती. "तुम्ही वाकून त्याच्याकडे जायचं नाही." पुलोंगने हँडल हातात घेऊन फिरवून पाहिलं होतं, छान आहे म्हणाला होता, आणि खिळा ठोकला होता.

"पोरीने पाठीवरून आणलं," पेतांग म्हणाली. "बसमध्ये लोकांची कोपरं खात. आणि तू त्याची तसबीर केलीस."

"जुनं काय वाईट आहे?"

पेतांगचे हात तिसऱ्या बटणावर थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. मग ती मागे सरली.

"वरची तीन मी लावली. खालची तू लाव."

"पेतांग."

"जुनं वाईट नाही ना? मग जुनं धरणारे हातही वाईट नसतील. लाव."

ती चुलीकडे वळली. पुलोंगने खालचं बटण चिमटीत धरायचा प्रयत्न केला. ते बोटांत आहे की निसटलं हे त्याला बघितल्याशिवाय कळत नव्हतं. खालून हॉर्न वाजला. तो तसाच पोट उघडं टाकून शिडी उतरला.

गावात पुरुषाला मानाने नोंग म्हणतात, बाईला नांग. दिवसभर जो तो म्हणत होता, "उकडतंय का हो नोंग?" बाजारात मासेवाली म्हणाली, "नोंग पुलोंग, या वयात पोट कुणाला दाखवताय?" पुलोंग हसत राहिला. संध्याकाळी घरी आला, खिळ्यावरचं हँडल काढलं आणि अंगण ओलांडून गाड्या दुरुस्त करणाऱ्या बादोरच्या छपरात गेला.

*

जुन्या हँडलची गोष्ट अशी, की ते पुलोंगपेक्षाही हट्टी होतं. काम्बुलादच्या डोंगरावर जायला पूर्वी दोरखंडाचा झुलता पूल होता. पुलाचे खांब इतके जवळ, की मोटारसायकल जाई पण हँडल जात नसे. म्हैस विकून घेतलेल्या पहिल्या गाडीचं हँडल पुलोंगने स्वतः दोन्हीकडून करवतीने कापलं, आणि खाली, पुढे, सरळ असं बसवलं. पूल पार करणारा तो पहिला गाडीवाला. पहिली गाडी भंगारात गेली, दुसरी गेली, आता तिसरी होती, हँडल तेच. दरम्यान सिमेंटचा पूल आला, इतका रुंद की त्यावर मका वाळत घालतात. खांब गेले, आखूड हँडल राहिलं. आखूड म्हणून वळवायला जड, खाली म्हणून सगळा भार मनगटांवर. ते अजून कशाला, हे कुणी विचारलंच नाही, तर पुलोंगनेही स्वतःला विचारलं नाही.

शिवाय भार एकट्याचा नव्हता. त्या डोंगरावर गाडी भरली असं कुणी म्हणत नाही. सीटमागे फळी लावलेली असते, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेली, आणि रस्त्यात कुणीही हात केला की बसलेलेच म्हणतात, "अजून एक बसेल." मागचा सरकतो, तो पुढच्याला सरकवतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि सगळ्यांचं सरकणं शेवटी जाऊन पोहोचतं चालवणाऱ्यापाशी. चालवणारा टाकीवर जातो. त्याच्या पुढे सरकायला कुणी नसतं. असलंच तर हातांच्या कमानीत, टाकीच्या टोकावर, एखादं पोर.

पुलोंगला एकाच गोष्टीचा अभिमान होता आणि तोही तो बोलून दाखवत नसे: त्याने रस्त्यावर माणूस उभा सोडला नव्हता. बाळंतीण नाही, म्हातारा नाही, दारू पिऊन डोलणाराही नाही. बाकीचे गाडीवाले कधी नजर चुकवून पुढे जात. पुलोंगला ते जमायचं नाही. नाही म्हणायला जो एक स्नायू लागतो, तो त्याला दिलेलाच नव्हता.

*

बादोर लोर्जिनचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना पारे म्हणत. फणसाखालचं त्याचं छप्पर म्हणजे दुकान, अड्डा आणि कोंबड्यांचा दवाखाना. हँडल बघून तो म्हणाला, "आलास एकदाचा. मला वाटलं याला आता हार घालणार."

रविवारी दुपारी त्याने काम काढलं. साबणाचं पाणी घालून मुठी ओढून काढल्या, क्लचचा आणि ब्रेकचा दांडा सोडवला, आरसे उतरवले. जुनं हँडल निघालं तेव्हा क्लॅम्पखालची जागा कोरी करकरीत चकाकत होती. नव्या उंचीला क्लचची वायर पुरेना, तिला टाकीखालून जवळचा रस्ता काढून दिला. अॅक्सिलेटरची वायर लोर्जिनने लांब पाठवली होती.

"पोरीला अक्कल आहे," बादोर म्हणाला. "आईवर गेली."

"तू बोल्ट आवळ."

"बस आता वर. बस, माप घेतो."

पुलोंग बसला. बादोरने हँडल मागे कलवलं, थोडं पुढे, परत मागे. "कसं वाटतंय?"

पुलोंगची पाठ सरळ होती. कोपरं आपल्या वजनाने खाली पडली होती. हात हँडलवर नुसते ठेवलेले होते, टेकलेले नव्हते.

"पारे, गव्हर्नर दिसतोस," बादोर म्हणाला आणि बोल्ट आवळले.

त्याने एकट्याने खालच्या चॅपेलपर्यंत चक्कर मारली. वळणावर मान वर असल्यामुळे त्याला समोर समुद्र दिसला. समुद्र तिथे आहे हे त्याला माहीत होतं. पण गाडीवरून त्याला आजवर चाकापुढचा हातभर रस्ताच दिसत आला होता. तो थांबला. हातांना मुंग्या नव्हत्या. थोड्या वेळाने त्याला आपण इतके थकलेले आहोत हे कळलं, जसं ओझं उतरल्यावर कळतं, आणि तो तसाच गाडीवर बसून राहिला.

रात्री तो जुनं हँडल घेऊन घरी आला तेव्हा पेतांगने विचारलं, "कसं आहे?"

"बरं आहे."

एवढ्यावर पेतांगने वाढलेल्या सुक्या माशातला मोठा तुकडा त्याच्याकडे सरकवला.

*

सोमवार बाजाराचा. अंगणात लोक आधीच उभे. सदऱ्याची सगळी बटणं पेतांगने न बोलता लावून दिली होती.

पहिली रोसिल. ती खालच्या शाळेत पोरांचं जेवण शिजवते. तिची मुलगी तिनतिन टाकीवर, पुलोंगच्या हातांच्या कमानीत. वळणावर हॉर्न वाजवण्याचा हक्क तिचा, कुणी दिलेला नाही पण काढूनही घेतलेला नाही. रोसिल पुलोंगच्या मागे. तिच्या मागे म्हातारा ओन्यो, काखेत झुंजीचा कोंबडा. फळीवर मर्लिंदा, मांडीवर रताळ्यांचं पोतं.

"नोंग, हे काय, शिंगं फुटली गाडीला," ओन्यो म्हणाला.

"लोर्जिनने आणलंय."

"शोभतंय. नवरदेव."

गाडी हलणार तेवढ्यात उताराच्या तोंडाशी मास्तरांची बायको हात करून उभी. मर्लिंदा मागून ओरडली, "अजून एक बसेल."

आणि बसली. मर्लिंदा सरकली, ओन्यो सरकला, कोंबडा कुरकुरला, रोसिल सरकली. पुलोंग टाकीवर गेला. तिनतिन पेट्रोलच्या झाकणापुढे गेली. आणि काल ज्या हँडलवर त्याचे हात ठेवलेले होते, ते हँडल आता त्याच्या पोटाशी आलं. कोपरं मागे, बरगड्यांच्याही मागे गेली, पिंजऱ्यातल्या कोंबड्याच्या पंखांसारखी. त्याला वाटलं, होईल सवय.

चॅपेलचं वळण डावीकडे. तिनतिनने हॉर्न दाबला. पुलोंगने हँडल वळवलं. ते अर्ध्यावर आलं आणि त्याच्या मांडीला टेकलं. पुढे जागाच नव्हती. मांडी हलवावी तर मागे रोसिल. त्याने ब्रेक दाबला, दाबला असं त्याला वाटलं. गाडी वळण सोडून सरळ, सावकाश, जणू तेच ठरलं होतं अशी, कसाव्याच्या शेतात शिरली आणि आडवी झाली.

पहिल्यांदा कोंबडा उठला. मग रताळी उतारावरून गडगडत गेली. मग मर्लिंदाचा आवाज आला, "माझा पाय कुणाच्या खाली आहे? ज्याच्या असेल त्याने उठा." ओन्यो मातीतूनच म्हणाला, "पुलोंगने नवा रस्ता काढला. जवळचा." एकजण हसला की सगळे हसतात. मास्तरांची बायको डोळे पुसत हसत होती. कुणाचं काही मोडलं नव्हतं.

तिनतिनच्या तोंडातून रक्त येत होतं.

रोसिलने तिची हनुवटी धरून वर केली. हँडलच्या क्लॅम्पवर तोंड आपटलं होतं. तिनतिनने मूठ उघडली. तळव्यावर दात होता.

"हलतच होता," ती म्हणाली. "कालपासूनच हलत होता."

"हलतच होता, नोंग," रोसिल घाईने म्हणाली. "दुधाचा आहे."

पुलोंगने मान डोलावली. सगळ्यांबरोबर तोही हसला होता, ते हसू अजून त्याच्या चेहऱ्यावर तसंच अडकून होतं. गाडी उचलताना त्याच्या लक्षात आलं की सदऱ्याची बटणं काजांतून सुटलीत, पोट उघडं पडलंय.

*

गाडी ढकलत सगळे परत वर, बादोरच्या छपरात. बाजाराला उशीर होत होता, पण हे बघायचं सोडून कोण जाणार?

"हँडल वाकडं बसवलं तू," मर्लिंदा बादोरला म्हणाली.

"वाकडं नाही, नांग. माप घेऊन बसवलं. काल बसवून बघितलं त्याला."

"एकट्याला?"

बादोरने गाडीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि कपाळावर ऑइलचा हात मारून घेतला. "घ्या. मी पारेचं माप घेतलं. गावाचं घ्यायचं राहिलं."

"हा एकटा कधी बसलाय गाडीवर?" ओन्यो म्हणाला. "एवढी वर्षं गाड्या दुरुस्त करतोस."

"चूक माझी. चला, बसा सगळे. मोटारसायकल घोडीवर आहे, पळून जाणार नाही."

मग बादोरच्या छपरात, उभ्या गाडीवर, सगळे आपापल्या जागी बसले. पोतं सुद्धा. बादोरने बोल्ट सैल केले आणि हँडल पुढे ढकललं.

"वळव, पारे."

वळेना.

"मर्लिंदा नांग, पोतं उतरवा."

"पोतं उतरवून काय, मी कशासाठी चाललेय बाजाराला?"

पोतं उतरलं. हँडल वळेना. मास्तरांची बायको उतरली. बादोरने हँडल पार पुढे लोटलं, तेव्हा ते मांडीला न लागता वळलं, पण मुठी अशा उलट्या झाल्या की पुलोंगचं मनगट जुन्या हँडलपेक्षाही वाईट मुरडलं. बादोरने त्याचा चेहरा बघितला आणि हँडल मागे घेतलं. मर्लिंदा उतरली. ओन्यो बसला होता तोवर हँडल वळेना. ओन्यो उतरला. तिनतिनला उचलून आईच्या मागे ठेवलं. पुलोंग टाकीवरून मागे, सीटवर आला. हँडल इकडून तिकडे, तिकडून इकडे, लोण्यासारखं फिरलं.

"हे बघा," बादोर म्हणाला. "मागे दोघं. फार तर दोघं. हे दोन माणसांचं हँडल आहे. मागची फळी सोडायची, पट्ट्या कापल्या की झालं, मग हँडल जिथे आहे तिथे बरोबर आहे."

उतरलेले उतरलेल्यांकडे बघत होते. ओन्यो कोंबड्याची पिसं सारखी करू लागला.

"आणि जुनं लावलं तर?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"तर सगळे बसाल. आजवर बसलात तसे."

"मग जुनंच बरं होतं की," मर्लिंदा म्हणाली. तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं. "नाही का, नोंग? सवयीचं होतं."

"सवयीचं होतं," पुलोंग म्हणाला.

रोसिल खांद्यावरच्या रुमालाच्या टोकाने तिनतिनचं तोंड पुसत राहिली.

पुलोंग गाडीवरून उतरला आणि अंगण ओलांडून घराकडे निघाला.

*

पेतांगने सगळं खिडकीतून पाहिलं होतं. तो शिडी चढून वर आला तेव्हा जुनं हँडल टेबलावर होतं, ताटांच्या मध्ये, पुसून ठेवलेलं.

"तुला वाटलं मी लपवीन," ती म्हणाली.

"नाही."

"वाटलं. माझ्या मनात आलंही होतं. परड्यात दोडक्याच्या मांडवाला बांधून टाकणार होते. मग म्हटलं, मी कोण? मी फक्त बटणं लावते."

पुलोंग खुर्चीत बसला. खाली लोकांचे आवाज येत होते, कुणी तरी कोंबड्याला नावं ठेवत होतं. त्याला वाटलं इथेच, असंच, दुपारपर्यंत बसावं.

"तिनतिनचा दात पडला," तो म्हणाला.

"दिसलं. हात लागला का ब्रेकला?"

"दाबला."

"लागला का, ते विचारलं."

"कळलं नाही," तो म्हणाला. "दाबला की नाही, ते कळलंच नाही."

पेतांगने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. भांडणाचा सूर तिच्या आवाजातून कधीच गेला होता. तोही दमला असावा.

"हँडल ने," ती म्हणाली. "मी अडवणार नाही. फक्त आधी सदरा लाव. सगळा नको. एक बटण."

"पेतांग, लोक उभे आहेत."

"एक."

त्याने मान खाली घातली. डाव्या हाताने काज धरलं, उजव्या हाताने बटण. बटण चिमटीत होतं; डोळ्यांना दिसत होतं. त्याने ते काजात लोटलं, आणि ते काजाच्या शेजारून गेलं. पुन्हा लोटलं. बटण सुटलं, बोटं मात्र मिटलेलीच राहिली, जणू अजून काही तरी धरून आहेत. पेतांग बघत होती. तिचे हात मांडीवर होते आणि तिने ते तिथे दाबून धरले होते.

खालून हॉर्न वाजला. तिनतिनचा, छोटा, मग लांब, वळणावर वाजवते तसा. मग मर्लिंदाची हाक आली, "नोंग, सापडलं का? बाजार उठेल हो."

पुलोंगने हात खाली सोडले. टेबलावरच्या हँडलकडे पाहिलं. दोन्ही कापलेली टोकं त्याच्याकडे होती; करवतीच्या खुणा अजून दिसत होत्या. त्याने हँडल उचललं, जड आहे की हलकं याचा अंदाज घ्यावा तसं, आणि परत ठेवलं, ताटांना लागू न देता.

मग तो उठला. दाराशी कोयता अडकवलेला असे. त्याने मुठीला हात घातला. पहिल्यांदा पकड बसली नाही. दुसऱ्यांदा त्याने दोन्ही हात लावले.

"काय करतोयस?" पेतांग उठून उभी राहिली. मग तिला कळलं. "फळीच्या पट्ट्या मीच बांधल्यात त्या," ती हळूच म्हणाली. "आतल्या बाजूने काप, तिथे सैल आहेत." आणि थोडं थांबून, "काय सांगणारेस त्यांना?"

खाली उताराच्या बाजूने अजून कुणीतरी आलं होतं, बाजाराला जायचं म्हणून विचारत होतं, आणि ओन्यो त्याला म्हणत होता, थांब, जुनं हँडल येतंय, अजून एक बसेल.

पुलोंग उघड्या सदऱ्याने, कोयता अंगाशी धरून, शिडी उतरू लागला.